सव्वा किलोची प्लेट

व्यायामशाळा चालवणाऱ्या आणि तिथे शिकवणाऱ्या सर्वांस,

स. न. वि. वि.

या पत्राचं निमित्त अगदी लहान आहे, सव्वा किलोचं. तुमच्याकडच्या प्लेट्सच्या स्टँडवर खालून वर बघत गेलं तर २०, १५, १०, ५, २.५ असं सगळं अडकवलेलं दिसतं. त्याच्या वर एक खुंटी रिकामी असते. बहुतेकदा तिथे कोणाचा तरी नॅपकिन वाळत असतो. मला त्या खुंटीबद्दल बोलायचं आहे.

हिशेब असा. बार २० किलोचा. दोन्ही बाजूंना अडीच-अडीच लावले की २५. पंचविसाने बेंच प्रेसचे (बेंचवर उताणं पडून बार छातीपासून वर ढकलायचा) पाच-पाच रेप्सचे, म्हणजे सलग पाच-पाच वेळांचे, तीन सेट नीट व्हायला लागले की पुढची पायरी कुठली? अडीचपेक्षा लहान प्लेटच नाही, म्हणजे थेट ३०. एका फटक्यात २० टक्के वाढ. शेजारच्या बेंचवर १०० किलो मारणारा जो पठ्ठ्या आहे, त्याला उद्या सांगून बघा, 'आज १२० लाव.' तो तुम्हाला वेड्यात काढेल, आणि त्याचं काही चुकणार नाही. तो १०५ लावतो. त्याच प्लेट्स, पण त्याला पायरी ५ टक्क्यांची पडते आणि मला २० टक्क्यांची.

मग बाई तिसाखाली अडकते. एकदा, दोनदा, तीनदा. बार छातीवर येऊन बसतो, तुमच्यापैकी कोणीतरी धावत येऊन उचलतं, आणि बघणारे सगळे मनात म्हणतात की बायकांचं वरचं अंग कमजोरच. तिलाही तेच पटतं. दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा दोन किलोच्या रंगीत डंबेल्सपाशी उभी असते. मी पाच आठवडे उभी होते.

माझी ओळख द्यायची राहिली. वय ४६. एकेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा बारला हात लावला. आज स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन बैठक) ८५, बेंच ४२.५ आणि डेडलिफ्ट (जमिनीवरचा बार उचलून सरळ उभं राहणं) १०५ किलो आहे. माझ्या वयाच्या आणि वजनाच्या बायका स्पर्धेत यापेक्षा कितीतरी जास्त उचलतात, म्हणून हे आकडे मिरवायला लिहिलेले नाहीत. बोलणारी सभासद कोण आहे हे कळावं, एवढ्यासाठी. नाव मुद्दाम देत नाही. मी ज्या तीन ठिकाणी गेले त्या कोणाचंही नाव देणार नाही, कारण तिन्ही ठिकाणी गोष्ट तीच होती.

पहिल्या ठिकाणी पहिल्या दिवशी विचारलं, 'किती किलो कमी करायचेत, मॅडम?' मी म्हटलं, मला डेडलिफ्ट शिकायची आहे. प्रशिक्षक हसला. चांगला मुलगा होता, हसण्यात कुत्सितपणा नव्हता. त्याने मला ट्रेडमिलवर चढवलं, मग हातात दोन-दोन किलोची डंबेल्स दिली आणि २० रेप्सचे तीन सेट सांगितले. पुढचे चार महिने तीच दोन किलो, तेच २० रेप्स. एके दिवशी गंमत म्हणून माझी रोजची खांद्यावरची पिशवी मी त्यांच्याच वजनकाट्यावर ठेवली. काटा सहा किलोंवर थांबला. ती पिशवी घेऊन मी जिने चढत होते आणि वर येऊन दोन किलोंचा 'व्यायाम' करत होते.

ताकद वाढण्याचं तंत्र तुम्हाला मी सांगावं असं नाही, पण बायकांच्या बाबतीत ते तुम्ही विसरता म्हणून सांगते. शरीराला आज जे झेपतं त्याच्या जरासं पुढचं काम द्यायचं, त्याला सावरायला वेळ आणि पोटभर अन्न द्यायचं, आणि मग पुन्हा जरासं पुढे सरकायचं. सुरुवातीच्या काही आठवड्यांत स्नायू दिसायला फारसे वाढत नाहीत. मेंदू आणि मज्जातंतू आहेत तेच स्नायू जास्त चांगले कामाला लावायला शिकतात. म्हणून नवशिकी बाई दर आठवड्याला पुढे जाऊ शकते, आणि नेमक्या याच काळात तिला 'जरासं' पुढचं वजन मिळायला हवं. ते जरासं म्हणजे कधी अर्धा किलो, कधी सव्वा. तुमच्या स्टँडवर त्या 'जराशा'साठी जागा असते, वस्तू नसते.

आणि हे काही लाड पुरवणं नव्हे. पॉवरलिफ्टिंग म्हणजे स्क्वॉट, बेंच आणि डेडलिफ्टची स्पर्धा. त्याच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या स्पर्धेत बारवरचं वजन अडीच किलोंच्या पटीत वाढतं, म्हणजे प्रत्येक बाजूला सव्वा किलो. विक्रमाचा प्रयत्न असेल तर अर्धा किलोही चालतो. जगातल्या सगळ्यात ताकदवान माणसांना सव्वा किलोची प्लेट लागते आणि पंचविसावर अडकलेल्या बाईला ती नको, असं आपण ठरवून बसलो आहोत.

आता डेडलिफ्टकडे येते, कारण तिथला घोटाळा डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही. मोठ्या प्लेटचा व्यास ४५ सेंटिमीटर. ती लावली की बार जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटर, म्हणजे साधारण वीतभर उंच राहतो. सगळी डेडलिफ्ट या उंचीवर बेतलेली आहे. पण ज्या बाईला आज ३० किलो उचलायचे आहेत तिच्या बारला तुम्ही पाच-पाचच्या छोट्या लोखंडी चकत्या लावता. बार एकदम अर्ध्या वीतीवर येतो. म्हणजे १४० उचलणारा कसलेला गडी वीतभर उंचीवरून उचलणार, आणि जिला अजून कमरेतून वाकायचं कसं हे नीट कळलेलं नाही ती त्याच्या निम्म्या उंचीवरून. तिची पाठ गोल होणारच. मग तुम्ही म्हणता, 'बघा मॅडम, पाठीला लागेल, हे तुमच्यासाठी नाही.'

यावर उपाय दोन आहेत. एक खर्चिक: मोठ्या व्यासाच्या हलक्या रबरी प्लेट्स आणा. दुसरा फुकट: दोन्ही बाजूंना जमिनीवर मोठ्या प्लेट्स आडव्या टाका, किंवा लाकडी ठोकळे ठेवा, आणि बार त्यांच्यावर येऊ द्या. दुसऱ्या व्यायामशाळेतल्या एका म्हाताऱ्या उस्तादांनी मला हे करून दाखवलं. ते काही बोलले नाहीत. चार प्लेट्स ओढत आणल्या, बारखाली सारल्या, माझ्याकडे बघून मान हलवली आणि निघून गेले. त्या दिवशी माझी पाठ पहिल्यांदा सरळ राहिली. पाच वर्षांत मला मिळालेलं सगळ्यात चांगलं प्रशिक्षण ते होतं, आणि ते अर्ध्या मिनिटात आटोपलं.

बेंचचंही तसंच. बुटक्या बाईचे पाय बेंचवरून जमिनीला टेकत नाहीत, ती टाचा उचलून लटकत राहते. स्पर्धेच्या नियमांत याची सोय आहे: पायांखाली सपाट ठोकळे किंवा प्लेट्स घेता येतात, ३० सेंटिमीटर उंचीपर्यंत. स्पर्धेत जे चालतं ते सरावात करायला काय हरकत आहे? आणि हो, १५ किलोचा बार. ऑलिंपिक वेटलिफ्टिंगमध्ये बायकांचा बार १५ किलोचा आणि अडीच सेंटिमीटर जाड असतो, पुरुषांचा २० किलोचा आणि २.८ चा. पॉवरलिफ्टिंगमध्ये सगळ्यांना विसाचाच. पण शिकताना, विशेषतः बार डोक्यावर ढकलायला शिकताना, पुष्कळजणींना वीस किलो हीच मोठी भिंत असते. एक पंधराचा बार घेऊन ठेवा, पोरसवदा मुलांनाही तो उपयोगी पडेल.

तुमच्या कपाळावरची आठी मला दिसते आहे. 'बाया येतात त्या बारीक व्हायला. त्यांना कुठे हे पाहिजे असतं?' त्यांना काय पाहिजे हे तुम्ही विचारलं कधी? वजन कमी करायचंय हे त्या म्हणतात, कारण फॉर्मवर तेवढीच चौकट असते. तिसऱ्या व्यायामशाळेत माझ्या कार्डावर दर महिन्याला वजन, कंबर, दंड, मांडी एवढं नोंदवायचे. उचललेलं वजन लिहायला रकानाच नव्हता. मी समासात लिहायला लागले: 'बेंच २६ × ५'. पुढच्या महिन्यात तो समास संपला आणि मी वही आणली. आज माझ्याकडे अशा चार वह्या आहेत. पहिल्या वहीची पानं खडूच्या भुकटीने पांढुरकी झाली आहेत आणि एका पानावर हाताच्या फुटलेल्या घट्ट्याचा तपकिरी डाग आहे. त्या पानावर लिहिलंय: 'डेडलिफ्ट ६०. झाली.'

अंग फुगेल, पुरुषी दिसेल, या भीतीवर मी फार शब्द खर्च करणार नाही. बायकांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन पुरुषांच्या मानाने कितीतरी पट कमी असतं आणि स्नायू इतके सावकाश वाढतात की वाढावेत म्हणून झगडणाऱ्यांना विचारा. जी भीती खरी आहे ती मात्र तुमच्यापैकी काहींच्या कपाटातली आहे. स्टेरॉइडमुळे बाईचा आवाज घोगरा झाला तर तो औषध बंद केल्यावरही परत येत नाही. ते कपाट बंद ठेवा.

हाडांबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं. पाळी थांबली की इस्ट्रोजेन घसरतं आणि हाडं झपाट्याने विरळ होऊ लागतात. अशा बायकांना सगळीकडून एकच सल्ला मिळतो: चाला, जड उचलू नका. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाळी थांबलेल्या आणि हाडांची घनता कमी असलेल्या शंभरेक बायका होत्या. त्यांचे दोन गट केले. एका गटाने आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा तास देखरेखीखाली डेडलिफ्ट, स्क्वॉट आणि ओव्हरहेड प्रेस केले. पाच-पाच रेप्सचे पाच सेट, आणि वजन किती? जास्तीत जास्त जेवढं एकदा उचलता येईल त्याच्या ८५ टक्क्यांहून अधिक. जोडीला उड्या होत्या. दुसऱ्या गटाला घरी करायचा हलका व्यायाम दिला. जड उचलणाऱ्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सरासरी सुमारे ३ टक्क्यांनी वाढली. हलका व्यायाम करणाऱ्यांची एक टक्क्याहून थोडी जास्त घटली.

तो दुसरा गट पुन्हा वाचा. तुम्ही पन्नाशीच्या बायकांना जे देता, ते त्या चाचणीत तुलनेसाठी ठेवलेलं होतं.

आता यातला 'देखरेखीखाली' हा शब्द गाळून कोणी उद्यापासून कोणाच्याही खांद्यावर बार टेकवू नये. त्या बायकांचा पहिला महिना फक्त हालचाली शिकण्यात आणि हलक्या वजनात गेला होता. ज्यांची हाडं आधीच ठिसूळ आहेत त्यांनी डॉक्टरांना विचारूनच यायला हवं. पण देखरेख म्हणजे तुम्हीच की. पगार त्याचाच मिळतो.

वयाचं म्हणाल तर १९९० साली प्रसिद्ध झालेला एक जुना अभ्यास आहे. वृद्धाश्रमात राहणारी नव्वदीच्या आसपासची दहा माणसं होती, बायका आणि पुरुष दोन्ही. आठ आठवडे पायांना वजनाचा व्यायाम दिला. जे टिकले त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. हे वाचल्यापासून 'आता या वयात काय' म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त वय विचारते.

एका गोष्टीबद्दल कोणीच बोलत नाही, म्हणून मी बोलते. जड स्क्वॉट किंवा डेडलिफ्ट करताना पुष्कळ बायकांना लघवीचे थेंब गळतात. बाळंतपण झालेल्यांना होतं, न झालेल्यांनाही होतं. ती बाई तुम्हाला सांगणार नाही. ती सेट अर्धवट सोडेल, पाणी प्यायला म्हणून जाईल आणि हळूहळू यायची बंद होईल. तुम्ही समजाल, चिकाटी नाही. यात हसण्यासारखं काही नाही आणि 'चालायचंच' म्हणून सोडण्यासारखंही नाही. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर काम करणारे फिजिओथेरपिस्ट असतात, त्यांच्याकडे पाठवा. वजन थोडं उतरवा, श्वास कुठे धरायचा आणि कुठे सोडायचा ते नव्याने शिकवा. आणि काळ्या रंगाची पँट का घातली असं कोणाला विचारू नका.

पाळीचंही तसंच आहे. काहीजणी पाळीत त्यांचा सगळ्यात चांगला सेट मारतात, काहीजणींना त्या दिवशी बार नुसता बघवत नाही. प्रत्येकीचा नियम तिच्या वहीत सापडतो. पण कोणाची पाळी महिनोन्महिने येतच नसेल, तर ती 'डाएट लागू पडला' याची खूण समजू नका. खाणं कमी आणि कष्ट जास्त झाले की शरीर आधी तो खर्च बंद करतं, आणि पाठोपाठ हाडांचा. जिला तुम्ही एकीकडे जड उचलायला लावता तिला दुसरीकडे अर्धपोटी ठेवू नका.

स्पॉटिंगबद्दल, म्हणजे मागे उभं राहून बार सांभाळण्याबद्दल, एक तक्रार. मी चौथ्या रेपला अडते, तेव्हा तुम्ही मागून दोन बोटं बारला लावता आणि ओरडता, 'तुमचंच आहे, तुमचंच आहे!' माझं नसतं ते. दोन बोटांत किती किलो गेले हे तुम्हालाही ठाऊक नसतं, मग मी वहीत काय लिहू? स्पर्धेत बार वर जाताना स्पॉटरचा हात लागला की ती लिफ्ट बाद होते. बार खाली जायला लागला तर जरूर उचला, नुसता हळू झाला तर हात मागे ठेवा. हळू होणं म्हणजेच तर जड होणं. आणि अंगाला हात लावायचा असेल, कंबर किंवा गुडघा कुठे हवा हे दाखवायला, तर आधी विचारा. 'हात लावू का?' तीन शब्द आहेत.

ऑलिंपिकमध्ये पुरुषांचं वेटलिफ्टिंग १८९६ च्या पहिल्याच स्पर्धेत होतं. बायकांचं आलं २००० साली, सिडनीत. त्याच वर्षी कर्णम मल्लेश्वरीने दोन प्रकारांत ११० आणि १३० मिळून २४० किलो उचलले आणि कांस्यपदक घेतलं. म्हणजे मधली १०४ वर्षं बायका बाहेर उभ्या होत्या. पॉवरलिफ्टिंग अजून ऑलिंपिकमध्ये नाही, पण त्याचा महासंघ १९७२ चा आणि बायकांची पहिली जागतिक स्पर्धा १९८० ची, म्हणजे तिथे वाट पाहणं आठच वर्षांचं होतं. त्या मानाने आमच्याकडे बारजवळ उभी असलेली बाई अजूनही 'चुकून इकडे आली' अशी दिसते, हे तुमच्या मांडणीमुळे. मशिन्स आणि आरसे दाराशी, रॅक आत कोपऱ्यात, आणि त्या कोपऱ्यात पाचजण बेंचवर बसून मोबाइल बघतायत. तिथपर्यंत चालत जाणं हाच पहिल्या दिवशीचा सगळ्यात जड सेट असतो.

तीन वर्षांपूर्वी मी पहिल्या स्पर्धेत उतरले. तीन लिफ्ट, प्रत्येकीला तीन प्रयत्न, प्रत्येकातला सर्वोत्तम धरून बेरीज. चाळिशीपुढच्यांचे गट वेगळे, दर दहा वर्षांचा एक. बेंचचा तिसरा प्रयत्न ३५ चा होता. बार छातीवर टेकवला, थांबले, आणि पंचांनी 'प्रेस' म्हणायच्या आत ढकलला. अगदी वर गेला, सहज गेला. तीन लाल दिवे, म्हणजे तिन्ही पंचांकडून बाद. इतकं हसू आलं की बेंचवरून उठवेना. व्यायामशाळेतल्या सरावात मला छातीवर थांबायला कोणी शिकवलंच नव्हतं, सगळीकडे बार आपटून उसळी घ्यायची पद्धत. माझ्यानंतर साठीपुढच्या गटातली एक बाई आली. गुडघ्यांना पट्टे, लांब मोजे. तिने पंचांची हाक येईपर्यंत बार छातीवर असा धरला जणू तिला कुठे जायचंच नव्हतं. तीन पांढरे.

नंतर खडूच्या डब्यापाशी मी तिला विचारलं, किती वर्षं झाली? ती म्हणाली, सहा. आणि मग आपणहून, 'सुरुवातीला अर्ध्या अर्ध्या किलोने गेले हो.'

तर मागणं एवढंच. सव्वा किलोच्या दोन आणि अर्ध्या किलोच्या दोन प्लेट्स घ्या. तुमच्या सगळ्या सामानात याहून स्वस्त वस्तू नसेल. जमलं तर पंधराचा एक बार. डेडलिफ्टसाठी दोन ठोकळे. कार्डावर एक जास्तीचा रकाना. नव्या बाईला पहिल्याच आठवड्यात रिकाम्या बारने स्क्वॉट, बेंच आणि डेडलिफ्ट शिकवा. तो जड पडला तर काठी द्या. मग तिला ठरवू द्या, ट्रेडमिल हवी की हे.

तोवर माझी कापडी पिशवी रॅकच्या डाव्या बाजूला अडकवलेली असते. आत छोट्या प्लेट्सच्या दोन जोड्या आहेत, खडू आहे आणि पेन्सिल आहे. कोणी पंचविसावर अडकलेली दिसली तर तिला काढून द्या, मला विचारायची गरज नाही. फक्त सोमवारी संध्याकाळी परत पिशवीत असू द्या, मला ४३.५ लावायचे आहेत.

कळावे,
तुमचीच एक सभासद